आल्फ्रेड शेरवूड रोमर

आल्फ्रेड शेरवूड रोमर (जन्म : व्हाइट प्लेन्स, न्यू यॉर्क, २८ डिसेंबर १८९४ – मृत्यू : केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स, ५ नोव्हेंबर १९७३) हे अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञ व तौलनिक शरीररचनाशास्त्राचे अभ्यासक होते. पृष्ठवंशी प्राण्यांच्या उत्क्रांतीचे विसाव्या शतकातील प्रमुख अभ्यासक म्हणून ते ओळखले जातात. पाण्यात राहणाऱ्या माशांपासून जमिनीवर चालणारे चार पायांचे प्राणी (चतुष्पाद) कसे निर्माण झाले, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर अनेक दशके पाठ्यपुस्तकांतून शिकवले जात होते. त्या उत्तराचा मोठा भाग नंतरच्या जीवाश्मांमुळे मागे पडला. परंतु हा प्रश्न हाडे, स्नायू, खडक आणि हवामान यांची सांगड घालून सोडवावा लागतो, ही त्यांनी रुजवलेली दृष्टी आजही कायम आहे. चतुष्पादांच्या जीवाश्म-इतिहासातील एका मोठ्या रिकाम्या कालखंडास त्यांच्या नावावरून 'रोमरची पोकळी' असे म्हटले जाते.

बालपण आणि शिक्षण

रोमर यांचे वडील हॅरी ह्यूस्टन रोमर हे वृत्तपत्र व्यवसायात होते. आईचे नाव एव्हलिन शेरवूड. आल्फ्रेड लहान असताना त्यांना पिसाळलेले कुत्रे चावले व त्यावरील पाश्चर उपचारांसाठी त्यांना न्यू यॉर्क शहरात राहावे लागले. या मुक्कामात अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी हे संग्रहालय त्यांना पाहायला मिळाले आणि तेथील जीवाश्मांची गोडी त्यांना लागली, असे त्यांच्या चरित्रात नोंदवलेले आहे. मात्र त्या वयातील ही आवड लगेच त्यांच्या शिक्षणाची दिशा ठरली नाही.

अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयात त्यांनी इतिहास आणि जर्मन साहित्य हे विषय निवडले. विज्ञानाचा एखादा अभ्यासक्रम पूर्ण करणे आवश्यक असल्याने ते फ्रेडरिक ब्रूस्टर लूमिस यांच्या उत्क्रांतीवरील वर्गाला बसू लागले. लूमिस स्वतः जीवाश्मांचे अभ्यासक होते. या वर्गामुळे रोमर यांनी पुराजीवशास्त्राचा मार्ग निवडला. इतिहासाच्या अभ्यासाचा ठसा त्यांच्या पुढील लेखनावर राहिला. प्राण्यांच्या हाडांकडे ते दीर्घ काळात घडलेल्या घटनाक्रमाचे दस्तऐवज म्हणून पाहत असत.

१९१७ साली पदवी मिळाल्यानंतर पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी फ्रान्समध्ये सेवा केली. १९१९ साली परतल्यावर ते कोलंबिया विद्यापीठात विल्यम किंग ग्रेगरी यांचे विद्यार्थी झाले आणि १९२१ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. आद्य सरीसृपांच्या व सस्तनसदृश सरीसृपांच्या हालचालींशी संबंधित हाडे व स्नायू हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. स्नायू सहसा जीवाश्मरूपाने टिकत नाहीत. परंतु ते हाडांना जेथे जोडलेले असतात तेथे खाचा, कंगोरे व उंचवटे उमटतात. आजच्या प्राण्यांतील स्नायूंची रचना आणि जीवाश्मांवरील या खुणा यांची तुलना करून नामशेष प्राण्यांचे स्नायू पुन्हा मांडता येतात, हे ग्रेगरी यांच्या परंपरेतील तत्त्व रोमर यांनी अधिक काटेकोरपणे वापरले. पुढे कोंबडीच्या व सरड्याच्या भ्रूणांत पायांचे स्नायू कसे घडत जातात याचाही त्यांनी अभ्यास केला.

डॉक्टरेटनंतर सुमारे दोन वर्षे त्यांनी न्यू यॉर्कमधील बेलव्ह्यू रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवले. १९२४ साली त्यांचा विवाह रूथ हिबर्ड यांच्याशी झाला. त्यांना तीन अपत्ये झाली.

शिकागो आणि टेक्ससमधील लाल खडक

१९२३ साली रोमर शिकागो विद्यापीठात रुजू झाले. १९१८ साली निधन पावलेले सॅम्युअल वेन्डेल विलिस्टन यांनी जमवलेला आद्य सरीसृप व उभयचर यांच्या जीवाश्मांचा मोठा संग्रह तेथे होता. यातील बराच भाग टेक्सस राज्याच्या उत्तरेकडील पर्मियन कालखंडातील लाल थरांमधून आलेला होता. रोमर यांनी या प्रदेशात क्षेत्रकार्य सुरू केले आणि पुढे अनेक वर्षे ते तेथे पुन:पुन्हा जात राहिले.

या थरांत पाठीवर शिडासारखा पडदा असलेला डायमेट्रोडॉन, जाडजूड बांध्याचा उभयचर एरिओप्स आणि उभयचर व सरीसृप या दोहोंची लक्षणे दाखवणारा सेमूरिया असे प्राणी सापडतात. डायमेट्रोडॉन ज्या गटात मोडतो त्या पेलिकोसॉर गटाचा सविस्तर आढावा रोमर यांनी लुएलिन आयव्हर प्राइस यांच्यासह १९४० साली प्रसिद्ध केला. पेलिकोसॉर हे सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांच्या शाखेतील असल्याने हा ग्रंथ सस्तनांच्या आरंभाच्या अभ्यासातही पायाभूत ठरला. १९२९ साली रोमर यांनी दक्षिण आफ्रिकेतील कारू प्रदेशात मोहीम नेली आणि सस्तनसदृश सरीसृपांचे जीवाश्म गोळा केले.

टेक्ससमधील अनुभवाचा परिणाम रोमर यांच्या विचारांवर झाला. लाल खडक, ऋतूनुसार वाढणारे व आटणारे पाणी आणि एकाच जागी साचलेली प्राण्यांची हाडे हे चित्र त्यांच्या परिचयाचे होते. माशांपासून चतुष्पाद निर्माण झाले तो डेव्होनियन कालखंड पर्मियनपेक्षा कितीतरी जुना असला, तरी त्याचेही लाल खडक उत्तर अमेरिकेत व युरोपात विस्तृत प्रमाणावर आढळतात.

हार्वर्ड विद्यापीठ

१९३४ साली रोमर हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. लुई अगासीझ यांनी १८५९ साली स्थापन केलेल्या तेथील तौलनिक प्राणिशास्त्र संग्रहालयाचे ते १९४६ ते १९६१ या काळात संचालक होते. १९६५ साली ते अध्यापनातून निवृत्त झाले. त्यानंतरही संशोधन चालूच राहिले.

१९४० साली पृष्ठवंशी पुराजीवशास्त्राला वाहिलेली स्वतंत्र संस्था, सोसायटी ऑफ व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टॉलॉजी, हार्वर्ड येथे स्थापन झाली. रोमर तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच सुमारास नाझी जर्मनीतून बाहेर पडावे लागलेल्या ज्यू संशोधक टिली एडिंगर यांना हार्वर्डच्या संग्रहालयात आश्रय मिळाला. त्यासाठी प्रयत्न करणाऱ्यांत रोमर होते. कवटीच्या आतील साच्यांवरून नामशेष प्राण्यांच्या मेंदूचा अभ्यास करण्याच्या शाखेचा पाया एडिंगर यांनी घातला होता. उत्तर अमेरिकेबाहेरील पृष्ठवंशी जीवाश्मांविषयीच्या १५०९ ते १९२७ या काळातील लेखनाची प्रचंड सूची रोमर, एडिंगर व अन्य सहकाऱ्यांनी मिळून सिद्ध केली. ती १९६२ साली प्रसिद्ध झाली.

एव्हरेट ओल्सन, रॉबर्ट कॅरोल, कीथ थॉमसन हे रोमर यांचे विद्यार्थी पुढे स्वतः नामवंत पुराजीवशास्त्रज्ञ झाले.

पाण्यातून जमिनीवर : रोमर यांची मांडणी

प्रश्नाचे स्वरूप

माशाच्या शरीराचे वजन पाणी तोलते. तो कल्ल्यांनी पाण्यातील प्राणवायू घेतो आणि शेपटी व शरीर वळवून पुढे सरकतो. जमिनीवर आल्यावर शरीराचा सर्व भार कण्यावर व पायांवर पडतो, हवेतून श्वास घ्यावा लागतो, त्वचा कोरडी पडण्याचा धोका असतो आणि अंडी पाण्याबाहेर टिकत नाहीत. हे सर्व बदल एकाच वेळी होणे अशक्य आहे. म्हणून त्यांपैकी प्रत्येक बदलाचा तो घडत असताना त्या प्राण्याला काय उपयोग होत होता, हे सांगता आले पाहिजे. पूर्ण विकसित पाय जमिनीवर उपयोगी पडतात हे उघड आहे. पण अर्धवट पाय असलेल्या, पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला त्यांचा उपयोग काय, हा खरा पेच होता.

चतुष्पादांचे पूर्वज मांसल पर असलेल्या माशांच्या गटातील होते, हे रोमर यांच्या आधीच बहुतांश मान्य झाले होते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात मिगुआशा येथे सापडलेला युस्थेनॉप्टेरॉन हा मासा १८८१ सालापासून ज्ञात होता. त्याच्या पुढच्या पराच्या मुळाशी एक हाड आणि त्यापुढे दोन हाडे होती, म्हणजे माणसाच्या दंडातील एक व कोपराखालची दोन हाडे यांच्याशी जुळणारी रचना. १९३२ साली स्वीडनचे गुन्नार सेव्ह-सोडरबर्ग यांनी पूर्व ग्रीनलंडमधील डेव्होनियन खडकांतून मिळालेल्या इक्थिओस्टेगा या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला पाय होते, तसेच माशासारखी शेपटीही होती. मासा आणि चतुष्पाद अशी दोन टोके हाती होती. त्यांच्यामधला प्रवास कसा झाला ते सांगायचे होते.

आटणारी तळी

डेव्होनियन काळातील लाल खडक ऋतुमानानुसार येणाऱ्या कोरडेपणाचे निदर्शक आहेत, असे मत भूशास्त्रज्ञ जोसेफ बॅरेल यांनी १९१६ साली मांडले होते. रोमर यांनी १९३३ सालच्या 'मॅन अँड द व्हर्टिब्रेट्स' या ग्रंथापासून पुढे या कल्पनेवर आपली मांडणी उभारली.

त्यांच्या मते डेव्होनियन काळातील गोड्या पाण्याची तळी व ओढे कोरड्या ऋतूत आटत. पाणी साचून राहिले आणि त्यातील प्राणवायू कमी झाला, तर ज्या माशांना फुप्फुसे होती ते पृष्ठभागावर येऊन हवा घेत व जगत. तळे पूर्ण आटले तर मात्र फुप्फुसे पुरेशी नव्हती. अशा वेळी ज्याचे पर मजबूत असतील तो मासा चिखलातून सरपटत जाऊन जवळच्या दुसऱ्या तळ्यापर्यंत पोहोचू शके. इतर मासे मरत. पिढ्यानुपिढ्या ही निवड होत गेली आणि परांचे पाय झाले.

या मांडणीचे वैशिष्ट्य म्हणजे तिच्यातील उलटा तर्क. रोमर यांच्या मते पाय जमिनीवर राहण्यासाठी निर्माण झालेच नाहीत; ते पाण्यात राहता यावे म्हणून निर्माण झाले. जमिनीवर चालणारा मासा पाणी सोडून जात नव्हता, तो पाणी शोधत होता. त्या काळी जमिनीवर मोठ्या प्राण्यांना पुरेसे अन्नही नव्हते, म्हणून अन्नासाठी पाणी सोडण्याचे कारण नव्हते, असा त्यांचा युक्तिवाद होता. पाय तयार झाल्यावर काही प्राणी तळ्याकाठी थोडा अधिक वेळ रेंगाळू लागले, कीटक व अन्य लहान जीव खाऊ लागले आणि कालांतराने जमिनीवर स्थिरावले.

जुनी जीवनपद्धती टिकवण्यासाठी झालेला बदल नकळत नव्या जीवनपद्धतीचे दार उघडतो, हा या युक्तिवादाचा गाभा होता. १९६४ साली मानवशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट आणि रॉबर्ट अ‍ॅशर यांनी मानवाच्या उत्क्रांतीसंबंधी लिहिताना या तत्त्वाला 'रोमरचा नियम' असे नाव दिले. पुराजीवशास्त्राबाहेर, मानवशास्त्रात व समाजबदलाच्या चर्चेतही ते वापरले जाते.

गोडे पाणी, कवच आणि अंडे

याच धर्तीवर रोमर यांनी आणखी काही प्रश्नांना हात घातला. पृष्ठवंशी प्राण्यांचा आरंभच गोड्या पाण्यात झाला, असे त्यांनी १९३५ साली ब्रँडन ग्रोव्ह यांच्यासह मांडले. आद्य माशांच्या अंगावरील हाडांचे कवच हे युरिप्टेरिड, म्हणजे विंचवाच्या जवळच्या मोठ्या शिकारी जलचरांपासून, बचावासाठी होते असेही त्यांनी सुचवले.

१९५७ साली त्यांनी कवच व अंतर्गत आवरणे असलेल्या अंड्याचा विचार मांडला. बेडकाची अंडी पाण्यात घातली जातात व त्यांतून डिंभ बाहेर पडतात. सरीसृपांचे अंडे मात्र कोरड्या जमिनीवर टिकते. सामान्य समजूत अशी की प्राणी आधी पूर्णपणे जमिनीवर आले व नंतर त्यांचे अंडे जमिनीला अनुकूल झाले. रोमर यांनी हा क्रम उलटा केला. त्यांच्या मते प्रौढ प्राणी अजून मुख्यत: पाण्यातच राहत असताना, डिंभांना पाण्यातील शत्रूंपासून व आटणाऱ्या तळ्यांपासून वाचवण्यासाठी अंडी काठावर घातली जाऊ लागली असावीत, म्हणजे अंडे आधी जमिनीवर आले आणि प्रौढ प्राणी नंतर.

आक्षेप आणि नवे पुरावे

रोमर हयात असतानाच आटणाऱ्या तळ्यांच्या कल्पनेवर टीका सुरू झाली. १९५४ साली ग्रेस ऑर्टन यांनी पराचा पहिला उपयोग चिखलात बीळ करण्यासाठी झाला असावा असे सुचवले. आफ्रिकेतील आजचा फुप्फुसमासा तळे आटले की दुसऱ्या तळ्याच्या शोधात जात नाही, तर चिखलात शिरून ग्रीष्मनिद्रा घेतो. १९५७ साली रॉबर्ट इंगर यांनी दाखवले की, आज थोडा वेळ पाण्याबाहेर येणारे मासे प्रामुख्याने दमट हवामानात तसे करतात. कोरड्या हवेत पाण्याबाहेर पडणे म्हणजे मरण ओढवून घेणे. कोकणच्या खाड्यांतील चिखलावर उड्या मारणारी निवटी हे पाण्याबाहेर येणाऱ्या माशाचे ओळखीचे उदाहरण आहे. ती ओल्या चिखलावर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच वावरते. अर्थात निवटी ही चतुष्पादांच्या पूर्वजांपैकी नाही. तिने हा मार्ग स्वतंत्रपणे चोखाळलेला आहे. खडकांचा लाल रंग नेहमीच कोरड्या हवामानाचा पुरावा असतो असे नाही, हेही भूशास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

निर्णायक पुरावा रोमर यांच्या निधनानंतर हाती आला. ब्रिटिश संशोधक जेनिफर क्लॅक यांच्या पथकाला १९८७ साली पूर्व ग्रीनलंडमध्ये अ‍ॅकँथोस्टेगा या सु. ३६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचे उत्तम स्थितीतील सांगाडे मिळाले. त्याच्या पुढच्या पायाला आठ बोटे होती, शेपटीला रुंद पर होता आणि माशांसारखे आतील कल्लेही होते. पायांची ठेवण शरीराचा भार जमिनीवर पेलण्याजोगी नव्हती. पाय आणि बोटे असलेला हा प्राणी पाण्यातच राहत होता. त्यावरून पाय हे जमिनीवरून चालत जाण्यासाठी नव्हे, तर उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यात तळाला रेटा देत फिरण्यासाठी घडले, असे मानले जाऊ लागले.

२००४ साली कॅनडाच्या उत्तरेकडील एल्झमिअर बेटावर टिक्टालिक हा सु. ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा मासा सापडला. त्याचे वर्णन २००६ साली एडवर्ड डेशलर, नील शुबिन आणि फॅरिश जेन्किन्स यांनी प्रसिद्ध केले. त्याच्या परांत मनगटासारखे सांधे होते आणि डोके खांद्यापासून सुटे असल्याने त्याला मान वळवता येत असे. जेन्किन्स हे हार्वर्डच्या त्याच संग्रहालयात काम करत होते, जेथे रोमर यांनी अनेक वर्षे काढली. २०१० साली पोलंडमधील झाहेल्मिए येथील खाणीत टिक्टालिकपेक्षाही जुन्या खडकांवर चतुष्पादांच्या पावलांचे ठसे आढळल्याचे प्रसिद्ध झाले. ते किनारी सागरी भागातील असल्याचे त्या संशोधकांचे म्हणणे होते. त्यामुळे हा बदल केव्हा व कोणत्या पाण्यात सुरू झाला, यावर नव्याने चर्चा सुरू झाली. पृष्ठवंशी प्राण्यांचा आरंभ गोड्या पाण्यात झाला हे रोमर यांचे मतही आता स्वीकारले जात नाही. सर्वांत जुने पृष्ठवंशी जीवाश्म सागरी खडकांतील आहेत.

यातून रोमर यांच्या मांडणीचे दोन भाग वेगळे झाले. दुष्काळ आणि तळ्यातून तळ्याकडे होणारे स्थलांतर हा भाग टिकला नाही. पाय प्रथम पाण्यातील जीवनासाठी निर्माण झाले हा भाग मात्र, वेगळ्या कारणाने का होईना, खरा ठरला.

रोमरची पोकळी

डेव्होनियन कालखंड सु. ३६ कोटी वर्षांपूर्वी संपला. त्याच्या अखेरच्या खडकांत इक्थिओस्टेगा, अ‍ॅकँथोस्टेगा यांसारखे पाण्याशी बांधलेले प्राणी आढळतात. त्यानंतर कार्बोनिफेरस कालखंडाच्या आरंभी, सु. ३६ कोटी ते ३४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत, चतुष्पादांचे जीवाश्म जवळजवळ मिळतच नव्हते. त्यापुढील खडकांत ते पुन्हा दिसतात तेव्हा त्यांच्यात मोठे वैविध्य आलेले असते आणि अनेक प्राणी जमिनीवर चालण्यास समर्थ झालेले असतात. चतुष्पाद खऱ्या अर्थाने जमिनीवर आले तो काळच असा अंधारात होता. रोमर यांनी १९५६ साली या उणिवेकडे लक्ष वेधले. पुढे मायकेल कोट्स आणि जेनिफर क्लॅक यांनी १९९५ साली तिला 'रोमरची पोकळी' हे नाव दिले.

या पोकळीच्या अलीकडच्या काठावर रोमर स्वतः अखेरपर्यंत काम करत होते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ग्रीअर येथे मिळालेल्या, सु. ३३ कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रीअरर्पेटॉन (१९६९) आणि प्रोटेरोजायरिनस (१९७०) या प्राण्यांना त्यांनीच नावे दिली. त्या वेळी त्यांचे वय पंचाहत्तरच्या आसपास होते.

पोकळीचे कारण काय, यावर दोन मते होती. एका मतानुसार त्या काळी वातावरणातील प्राणवायू घटलेला असल्याने जमिनीवर प्राणीच थोडे होते. दुसऱ्या मतानुसार प्राणी होते, परंतु योग्य खडकांत शोध पुरेसा झालेला नव्हता. स्कॉटलंडमध्ये १९७१ साली मिळालेला व आधी मासा समजला गेलेला एक जीवाश्म क्लॅक यांनी २००२ साली पेडर्पेस या नावाने चतुष्पाद म्हणून ओळखला. त्याचे पाऊल पुढच्या दिशेला वळलेले होते, म्हणजे चालण्यास योग्य होते. पुढे जीवाश्म-संग्राहक स्टॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या दक्षिण भागातील याच काळातील खडकांतून अनेक चतुष्पाद शोधले. त्यांविषयीचा शोधनिबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातील ब्लू बीच येथेही या काळातील चतुष्पादांची हाडे मिळाली आहेत. त्यामुळे ही पोकळी बऱ्याच अंशी शोधाच्या अपुरेपणाची होती, हे मत आता बळकट झाले आहे.

दक्षिण अमेरिकेतील मोहिमा

१९५८ साली रोमर यांनी अर्जेंटिनातील इस्चिग्वालास्तो येथे आणि १९६४-६५ साली ला रिओहा प्रांतातील चान्यारेस भागात मोहिमा नेल्या. चान्यारेस येथे त्यांच्या पथकाला ट्रायासिक कालखंडातील, सु. २३.५ कोटी वर्षांपूर्वीचे समृद्ध जीवाश्मस्थळ सापडले. तेथील लॅगोसुकस व लॅगर्पेटॉन (दोन्ही १९७१) या लहान, लांब पायांच्या प्राण्यांचे वर्णन रोमर यांनी केले. डायनोसॉर कोणत्या प्राण्यांपासून निर्माण झाले या अभ्यासात त्यांना महत्त्वाचे स्थान मिळाले. त्याच स्थळाच्या प्रोबाइनोग्नॅथस (१९७०) या प्राण्याच्या जबड्यात सरीसृपांचा जुना सांधा आणि सस्तनांचा नवा सांधा असे दोन्ही शेजारी-शेजारी आढळले. एका गटातून दुसऱ्या गटाकडे होणाऱ्या संक्रमणाचे ते उत्कृष्ट उदाहरण मानले जाते.

ग्रंथलेखन

'व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टॉलॉजी' हा रोमर यांचा पाठ्यग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला व १९४५ आणि १९६६ साली त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तीन दशकांहून अधिक काळ तो या विषयाचा प्रमाणग्रंथ होता. 'द व्हर्टिब्रेट बॉडी' (१९४९) या ग्रंथातून जीवशास्त्राच्या व वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या तौलनिक शरीररचना शिकल्या. रोमर यांच्या निधनानंतर त्यांचे सहलेखक टॉमस पार्सन्स यांनी त्याच्या आवृत्त्या पुढे चालू ठेवल्या. 'मॅन अँड द व्हर्टिब्रेट्स' हा ग्रंथ १९५९ साली 'द व्हर्टिब्रेट स्टोरी' या नावाने नव्या रूपात आला. 'ऑस्टिऑलॉजी ऑफ द रेप्टाइल्स' (१९५६) हा सरीसृपांच्या अस्थींवरील त्यांचा बृहद्ग्रंथ आहे.

प्राण्यांच्या गटांचा काळानुसार झालेला विस्तार व ऱ्हास दाखवणाऱ्या, फुगत व निमुळत्या होत जाणाऱ्या पट्ट्यांच्या आकृत्या त्यांच्या ग्रंथांमुळे सर्वत्र परिचित झाल्या; त्यांना 'रोमरोग्राम' असे म्हटले जाते. पट्टी जितकी रुंद तितके त्या गटातील वैविध्य अधिक, अशी त्यांची साधी रीत आहे.

रोमर यांच्या वर्गीकरणावर पुढे टीका झाली. मासे, उभयचर, सरीसृप असे गट त्यांनी प्राण्यांच्या एकूण विकासपातळीवरून ठरवले होते. १९७० नंतर केवळ समान पूर्वजांवर आधारलेली वर्गीकरण पद्धती रूढ झाली आणि त्यांचे अनेक गट मोडले गेले.

सन्मान

रोमर १९४४ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसचे सदस्य झाले. १९६३ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्राणिशास्त्र परिषदेचे ते अध्यक्ष होते. १९६६ साली त्यांनी अमेरिकन असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स या संस्थेचे अध्यक्षपद भूषवले. मेरी क्लार्क टॉमसन पदक (१९५४), डॅनिएल जिराड एलियट पदक (१९५६), पेनरोज पदक (१९६२), लिनिअन पदक (१९७२) आणि वोलॅस्टन पदक (१९७३) हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान होत. रोमेरिया हा टेक्ससमधील आद्य सरीसृप आणि ड्रोमोमेरॉन रोमेरी (२००७) ही प्राण्यांची नावे त्यांच्या स्मरणार्थ देण्यात आली. सोसायटी ऑफ व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टॉलॉजी ही संस्था दरवर्षी देत असलेले सर्वोच्च पदक रोमर व जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन या दोघांच्या नावाने ओळखले जाते.

निधन आणि वारसा

५ नोव्हेंबर १९७३ रोजी केंब्रिज येथे वयाच्या ७८ व्या वर्षी रोमर यांचे निधन झाले. चान्यारेस येथील जीवाश्मांवरील त्यांची शोधनिबंधमाला अखेरच्या वर्षापर्यंत प्रसिद्ध होत होती.

त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट कॅरोल यांनी १९८८ साली पृष्ठवंशी पुराजीवशास्त्रावर लिहिलेला ग्रंथ रोमर यांच्या ग्रंथाचा उत्तराधिकारी मानला गेला. रोमर यांच्या काळात डेव्होनियन चतुष्पाद म्हणून मुख्यत: ग्रीनलंडमधील मोजके प्राणीच ज्ञात होते, आज ते रशिया, लॅटव्हिया, स्कॉटलंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व चीन येथूनही ज्ञात आहेत. या वाढलेल्या पुराव्यासमोर आटणाऱ्या तळ्यांची कथा टिकली नाही. तरीही पाण्यातून जमिनीवर येण्याच्या कोणत्याही स्पष्टीकरणाने बदलाची प्रत्येक पायरी त्या त्या वेळच्या प्राण्याला उपयुक्त होती हे दाखवले पाहिजे, ही रोमर यांनी घातलेली अट पुढच्या संशोधकांनीही पाळली. स्वतःच्या शास्त्रातील रिकामी जागा नेमकी कोठे आहे हेही त्यांनी दाखवून ठेवले होते, आणि तिचा शोध घेणारे पुढील पिढीतील पुष्कळसे काम त्याच दिशेने झाले.